पाच दिवस, चार म्हाताऱ्या गाड्या आणि माझी भाड्याची सेडान

आधीच सांगतो, यात माझी स्वतःची गाडी एकही नाही. मित्राचे काका गेली बरीच वर्षं जर्मनीत आहेत, त्यांच्याकडे १९७२ ची पोर्शे ९११ टी आहे, आणि दरवर्षी ते आणि त्यांचे जुन्या गाड्यावाले दोस्त चार-पाच दिवस फिरायला निघतात. यंदा म्हणाले, तू पण ये, फक्त एक अट, भाड्याने घेशील ती गाडी आजच्या जमान्यातली दणदणीत सेडान घे. का तर म्हणे वर्षभर आम्ही या गाड्यांना शिव्या घालतो, एकदा नीट चालवून तरी घालू. मला काय, नेकी और पूछ पूछ.

दिवस पहिला : स्टुटगार्ट

गाडी ताब्यात घेतली. नाव लिहीत नाही, कारण पुढे थोडी कुरकुर येणार आहे. चार दरवाजे, ट्विन टर्बो व्ही-८ म्हणजे आठ सिलिंडरचं इंजिन, सहाशेच्या वर हॉर्सपॉवर, दोन टनांच्या वर वजन, आणि सीटमध्ये मसाज. पार्किंगमध्ये बाकीचे तिघं भेटले. एक जॅग्वारवाले आजोबा, ४.२ लिटरची ई-टाइप. एक पॅगोडावाली बाई, निवृत्त इंजिनियर, नवऱ्यासोबत आलेली, १९६९ ची मर्सिडीज २८० एसएल, तिलाच पॅगोडा म्हणतात. आणि अल्फावाला, आमच्यात सगळ्यात लहान, पंचेचाळीसचा असेल, अल्फा रोमिओ १७५० जीटीव्ही (नावात १७५० पण इंजिन १७७९ सीसीचं, हे त्याने मला पाच दिवसांत तीनदा सांगितलं).

माझी सेडान त्यांच्या शेजारी उभी केली तर अक्षरशः बैलगाड्यांच्या शेजारी रेल्वेचा डबा लावल्यासारखं दिसत होतं. काकांची ९११ रुंदीला १.६१ मीटर, आजच्या या सेडान आरसे न धरताच दोन मीटरला टेकतात.

मर्सिडीज आणि पोर्शे, दोन्हींची म्युझियम एकाच दिवसात उरकली. मर्सिडीजच्या म्युझियममध्ये लिफ्टने आधी वर जायचं आणि मग गोल गोल उतारावरून इतिहास बघत खाली यायचं, तिथे माझे गुडघे गेले आणि त्या सत्तरीच्या आजोबांना काहीच झालं नाही. झुफेनहाउझेनला पोर्शेचं म्युझियम बाहेरून बघितलं की वाटतं एवढी मोठी इमारत तीन पायांवर उभी कशी राहिली. ते सगळं बघून झालं, फोटो काढले, पण खरी गंमत बाहेर आल्यावर, कारण काका फुटपाथवर उभं राहून समोरच्या कारखान्याकडे बोट दाखवून म्हणाले, "अरे, जगातली सगळ्यात चांगली मर्सिडीज सेडान इथे बनली, पोर्शेच्या कारखान्यात."

मला वाटलं म्हातारा गंडवतोय. पण नाही, खरंय. १९९० साली आलेली मर्सिडीज ५०० ई. साध्या सेडानमध्ये पाच लिटरचा व्ही-८, ३२६ हॉर्सपॉवर, त्यासाठी चाकांवरचे पत्रे फुगवले, आणि मग ती रुंद बॉडी मर्सिडीजच्या नेहमीच्या असेंब्ली लाइनवर बसेना. पोर्शेला तेव्हा कामाची गरज होतीच. मग गाडी मर्सिडीजचं झिंडेलफिंगेन आणि पोर्शेचं झुफेनहाउझेन यांच्या मध्ये ट्रकवरून ये-जा करायची, बॉडी इथे, रंग तिथे, इंजिन पुन्हा इथे, एक गाडी पूर्ण व्हायला अठरा दिवस. बाहेरून बघाल तर टॅक्सीसारखी दिसते. काका म्हणाले तीच तर मजा, रस्त्यात कोणाला कळू नये आपण काय घेऊन चाललोय ते. माझ्या सेडानच्या मागच्या चार एक्झॉस्टांकडे बघून त्यांनी एवढंच विचारलं, "एवढे कशाला रे?"

दिवस दुसरा : सॉलिट्यूड आणि ब्लॅक फॉरेस्ट

हा दिवस सगळ्यात भारी, म्हणून जरा लांबण लावणार.

सकाळी आधी सॉलिट्यूड. स्टुटगार्टच्या पश्चिमेला जंगलातून जाणारे साधे रस्ते आहेत, रोजची वाहतूक चालते, पण १९६५ पर्यंत इथे रेस व्हायच्या, साडेअकरा किलोमीटरचा एक फेरा. १९६२ मध्ये डॅन गर्नी इथे पोर्शेच्या फॉर्म्युला वन गाडीत जिंकला होता. आता त्याच वळणांवर वेगमर्यादेच्या पाट्या. आणि इथेच माझ्या सेडानची पहिली बदनामी झाली. टिंग टिंग टिंग. २०२४ च्या जुलैपासून युरोपात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या गाडीला वेगमर्यादा ओलांडली की ड्रायव्हरला टोकणारी सिस्टिम सक्तीची आहे. बंद करता येते, पण पुढच्या वेळी गाडी सुरू केली की ती पुन्हा चालू. कॅमेरा कधी कधी बाजूच्या गल्लीतली ३० ची पाटी वाचतो आणि तुम्ही मोठ्या रस्त्यावर शहाण्यासारखं जात असताना टिंग टिंग. अल्फावाला शेजारी बसला होता, म्हणाला, तुझ्या गाडीत सासू बसवून दिलीय कंपनीने. मग त्याने डॅशबोर्डला कान लावला. म्हणाला, आवाज इथून येतोय, इंजिनमधून नाही. बरोबर होतं त्याचं, इंजिनचा अर्धा आवाज स्पीकरमधून. हे प्रकरण नवीन नाही, २०११ च्या बीएमडब्ल्यू एम५ पासून गाजतंय. केबिन इतकी बंदिस्त केली की खरा आवाज आत येईना, मग स्पीकरमधून सोडला. वर आता पेट्रोल गाड्यांच्या एक्झॉस्टमध्ये धुरातले कण अडवणारा पार्टिकल फिल्टर बसतो, तो उरलासुरला आवाज खातो. फिल्टरला माझी हरकत नाही, चार जुन्या गाड्यांच्या मागे सकाळभर चालवल्यावर तर अजिबातच नाही, कपड्यांना संध्याकाळपर्यंत पेट्रोलचा वास येत होता.

मग फ्रॉइडनश्टाट गावाहून बी ५०० नावाचा रस्ता धरला. ब्लॅक फॉरेस्टच्या माथ्यावरून बाडेन-बाडेनपर्यंत साठेक किलोमीटर, एका बाजूला काळी झाडी आणि मध्येच झाडी संपून खाली ऱ्हाइनचं खोरं दिसतं. इथे अदलाबदल ठरली होती, काका सेडानमध्ये आणि मी ९११ मध्ये.

तर ९११. पेडल वरून लटकलेले नाहीत, जमिनीतून उगवलेले. ब्रेकला सर्वो, म्हणजे पायाचा जोर वाढवणारी सोय, नाही, त्यामुळे पाय ठेवला आणि काहीच झालं नाही, मग जीव खाऊन दाबला तेव्हा गाडी थांबायला लागली. स्टिअरिंग हातात सारखं वळवळत राहतं, रस्त्यावरचा प्रत्येक खड्डा, प्रत्येक ठिगळ मनगटात येतं. इंजिन मागच्या चाकांच्याही मागे, काकांनी निघताना दम दिला होता, "वळणात घाबरून ॲक्सिलरेटर सोडू नकोस, मागचा भाग पुढे येतो." ही माहिती दिल्यावर माणूस कसा घाबरणार नाही सांगा. १३० हॉर्सपॉवर फक्त, पण वजन हजार-अकराशे किलो. पहिली दहा मिनिटं मी गाडी चालवत नव्हतो, गाडीशी भांडत होतो. नंतर कुठेतरी हात सैल पडले आणि मग लक्षात आलं की तिसरा गिअर, पुढे एक लांबलचक डावं वळण, इंजिन मागे गुरगुरतंय, आपण काहीतरी अचाट करतोय असं वाटतंय, आणि काटा ऐंशीवर. ऐंशी! सेडानमध्ये याच रस्त्यावर ऐंशीला मी गाणं बदलत होतो.

मुमेलझे नावाच्या तळ्यापाशी थांबलो. काका सेडानमधून उतरले, दार स्वतःहून हळूच बंद झालं त्याच्याकडे त्यांनी वळून बघितलं.

"कशी वाटली?" मी विचारलं.

"खूपच छान गाडी आहे रे," ते म्हणाले. "मी काहीच केलं नाही."

मला वाटलं होतं ही मंडळी नव्या गाडीला कचरा म्हणतील. तसं कोणीच म्हणालं नाही. जॅग्वारवाले आजोबा तर मसाज लावून वीस मिनिटं बसून राहिले, त्यांना उतरवायला दोनदा जावं लागलं. त्यांची तक्रार वेगळीच होती, हीटर कमी करायला स्क्रीनमध्ये शिरावं लागतं आणि समोरचे खांब इतके जाड की वळणात अख्खा ट्रक त्याच्यामागे लपतो. ई-टाइपचे खांब बोटाएवढे आहेत.

त्यावर पॅगोडावाली बाई एकदम उसळली. खांब जाड आहेत कारण गाडी उलटली तर छप्पर डोक्यावर येऊ नये म्हणून, ती म्हणाली. तिच्या गाडीच्या घराण्याला, म्हणजे १९६३ च्या २३० एसएलला, सुरुवातीपासून पुढे-मागे चुरगळणारे भाग आणि मध्ये मजबूत केबिन होती, स्पोर्ट्स कारमध्ये हे पहिल्यांदाच, आणि त्याचा तिला भयंकर अभिमान आहे. पण तीच म्हणते, "नातीला ऑटोबानवर, म्हणजे इथल्या हायवेवर, न्यायचं असेल तर मी याची गाडी मागेन, माझी नाही." याची म्हणजे माझी. तिच्या मते इंजिनियर लोकांनी आजवर केलेलं सगळ्यात अवघड काम म्हणजे आजची सेडान आहे. दोन टन वजन एवढ्या वेगात आणायचं, तितक्याच बिनबोभाट थांबवायचं, आत बसलेल्याला चहाचा कप हातात धरता येईल असं चालवायचं, आणि वर धुराचे सगळे नियम पाळायचे, याला गंमत म्हणत नाहीत. फक्त, ती म्हणाली, इतकं चांगलं काम केलं की ड्रायव्हरला काम उरलं नाही.

मग तिथेच वाद पेटला की शेवटची खरी स्पोर्ट्स सेडान कोणती. आजोबा म्हणाले जॅग्वार मार्क २, ३.८ लिटर, १९५९ ची, कारण तिच्यात आणि पहिल्या ई-टाइपमध्ये एकाच एक्सके घराण्याचं इंजिन, बँक लुटणारे आणि त्यांच्यामागे लागणारे पोलीस दोघंही तीच गाडी वापरायचे. काका अर्थात ५०० ई. अल्फावाला म्हणाला बीएमडब्ल्यू एम५, ई३९ नावाची पिढी, १९९८ ते २००३, चारशे हॉर्सपॉवरचा व्ही-८, टर्बो नाही, आणि गिअर हातानेच टाकायचे, ऑटोमॅटिक मिळायचीच नाही. त्यानंतर सगळं संपलं म्हणे. पॅगोडावाली बाई हसायला लागली. म्हणाली, प्रत्येकाने तीच गाडी सांगितली जी बाजारात होती तेव्हा याच्या खिशात पैसे नव्हते. कोणी काही बोललं नाही, काका तळ्याकडे बघायला लागले.

अल्फावाल्याला मात्र गप्प बसवेना. त्याने विषय काढला मर्सिडीजच्या नव्या एएमजी सी ६३ चा. आधी ६.२ लिटरचा व्ही-८, मग ४ लिटरचा, आणि २०२२ मध्ये थेट दोन लिटरचं चार सिलिंडर इंजिन आणि जोडीला इलेक्ट्रिक मोटर. ताकद ६८० हॉर्सपॉवर, आधीपेक्षा जास्तच, वजन दोन टनांच्या पुढे. चार सिलिंडर! असं तो हात उडवून ओरडत होता.

"तुझ्यात किती आहेत?" बाईने विचारलं.

त्याच्या जीटीव्हीत चारच आहेत. "ते वेगळं," तो म्हणाला आणि बॉनेट उघडून दाखवायला लागला. खरं सांगायचं तर मुद्दा त्याचा चूक नव्हता, फक्त मांडला वाईट. त्याला म्हणायचं होतं की १९६३ मध्ये अल्फाने जुलिया टीआय सुपर बनवली, डब्यासारखी चार दाराची सेडान, १.६ लिटर, ११२ हॉर्सपॉवर, वजन हजार किलोच्या आत, फक्त ५०१ गाड्या, आणि ती रेससाठीच होती. चार सिलिंडरचा राग नाही, त्या चार सिलिंडरांना दोन टन ओढायला लावलं याचा राग आहे. हे मला पटलं.

दिवस तिसरा : आयफेलकडे

ऑटोबानने आयफेलच्या डोंगराळ भागाकडे. दिवसभर कंटाळा असणार असं वाटलेलं, पण दोन गोष्टी झाल्या.

पहिली म्हणजे रस्त्याचं काम. जर्मनीत ऑटोबानवर काम चालू असलं की लेन अरुंद करतात आणि डाव्या लेनवर पाटी लावतात, २.१ मीटरपेक्षा रुंद गाडी नको. हे माप आरशांसकट धरतात. माझी सेडान आरशांसकट त्याच्या वर. म्हणजे सहाशे हॉर्सपॉवर घेऊन मी उजव्या लेनमध्ये ट्रकच्या मागे ऐंशीने, आणि डावीकडून १३० हॉर्सपॉवरची ९११, मग अल्फा, मग ई-टाइप, मग पॅगोडा, सगळे एकामागून एक हात हलवत गेले. बाईच्या नवऱ्याने तर टोपी काढून सलाम केला. या लोकांच्या सगळ्या वादविवादांपेक्षा ही एक पाटी जास्त बोलली.

दुसरी गोष्ट, काम संपून रस्ता मोकळा झाला तेव्हा मी पुढे निघालो. मर्यादा नसलेला पट्टा होता, १३० फक्त शिफारस म्हणून. दोनशे कधी झाले कळलं नाही. खरंच कळलं नाही, आणि मला तेच जरा भीतीदायक वाटलं. काही मिनिटं भन्नाट गेली, हे नाकारत नाही, पण मग समोर गाड्या आल्या, ब्रेक, पुन्हा एकशे तीस, आणि उरलेला सगळा दिवस तेच.

एवढ्यात फोन आला, परत ये, काकांचा पट्टा तुटलाय. पुढच्या एक्झिटवरून फिरून जाईपर्यंत बराच वेळ गेला. जुन्या ९११ मध्ये पाणी नाही, इंजिन हवेनेच थंड होतं, आणि हवा मारणारा पंखा आणि अल्टरनेटर एकाच पट्ट्यावर चालतात. पट्टा तुटला की चार्जिंगचा लाल दिवा लागतो, आणि मग "बघू पुढे जाऊन" असं चालत नाही, लगेच इंजिन बंद करायचं. काकांनी बंद केलं आणि नशिबाने समोरच्याच पार्किंगमध्ये गाडी घरंगळत नेली. चूक त्यांचीच, पट्टा जुना झालाय हे त्यांना दोन वर्षं माहीत होतं, ते स्वतःच म्हणाले.

पण बदलताना बघण्यासारखं होतं. पुढच्या डिकीत नवा पट्टा आणि पुली धरायची खास चावी तयार. पुलीचे दोन भाग असतात आणि मध्ये पातळ चकत्या, शिम म्हणतात, मधली चकती काढली की पट्टा घट्ट होतो, घातली की सैल. मी टोपी उलटी करून त्यात चकत्या सांभाळत होतो. एक पडली आणि घरंगळत माझ्या सेडानखाली गेली, चार चांगली पोक्त माणसं जमिनीवर आडवी. अर्ध्या तासात गाडी सुरू. काका बोटाने पट्टा दाबून बघत म्हणाले, झालं.

त्याच संध्याकाळी हॉटेलच्या दारात माझ्या सेडानने पिवळा दिवा लावला आणि स्क्रीनवर लिहून आलं की वर्कशॉपशी संपर्क साधा. कशाबद्दल, ते लिहिलं नव्हतं. सगळे जमले, बॉनेट उघडलं, आत काळ्या प्लास्टिकचं झाकण. ते बघून सगळ्यांनी मान हलवली आणि बॉनेट बंद केलं. सकाळी गाडी सुरू केली तर दिवा गायब. काय झालं होतं, मला आजही माहीत नाही.

दिवस चौथा : न्यूरबर्गरिंग

नॉर्डश्लाइफे, म्हणजे इथला जुना रेस ट्रॅक, १९२७ पासूनचा, आता २०.८ किलोमीटरचा एक फेरा. रेसर जॅकी स्ट्युअर्टने ठेवलेलं नाव सगळ्यांना माहीत आहे, हिरवा नरक. ठरावीक दिवशी कोणीही स्वतःची गाडी घेऊन जाऊ शकतो, एकेरी रस्ता, ओव्हरटेक फक्त डावीकडून, आणि घड्याळ लावून वेळ मोजायला बंदी. माझ्या भाड्याच्या करारात ठळक अक्षरात लिहिलेलं की गाडी इथे न्यायची नाही, त्यामुळे सेडान पार्किंगमध्ये आणि मी काकांच्या शेजारी.

फेऱ्याचं वर्णन करत बसत नाही, बहुतेक वेळ मी दाराचं हँडल बघत होतो. फुक्सरोअरच्या उतारावर पोटात गोळा आला, आणि कारुसेलच्या सिमेंटच्या घळीत गाडी उतरली तेव्हा दात वाजले, बस. काका शांत होते. सारखे आरशात बघून मागच्यांना वाट देत होते. मागचे म्हणजे कोण, तर सेडानच. एकामागून एक, चार दारं, मागे बेबी सीट लावलेली एक मी स्वतः पाहिली, आणि सुंssई करून गेल्या.

दुपारी ब्रुनशेन नावाच्या वळणावरच्या कुंपणापाशी उभे राहून बघत होतो. एक इलेक्ट्रिक सेडान गेली, इंजिनचा आवाज शून्य, फक्त टायर किंचाळत होते. अल्फावाला म्हणाला, हे म्हणजे आवाज बंद करून कुस्ती बघणं. तिथेच आकड्यांचा विषय निघाला. पोर्शे टायकान टर्बो जीटीने २०२३ मध्ये इथे ७ मिनिटं ७.५५ सेकंदांचा फेरा मारला. चार दारांच्या इलेक्ट्रिक गाडीने. मी म्हटलं, निकी लाउडाने १९७५ मध्ये फेरारीच्या फॉर्म्युला वन गाडीत सात मिनिटांची रेषा पहिल्यांदा मोडली होती, ६ मिनिटं ५८.६ सेकंद, म्हणजे बघा घरगुती गाडी कुठे पोचली. बाईने लगेच पकडलं, तेव्हाचा फेरा दोन किलोमीटरने लांब होता, बरोबरी करू नकोस. आणि याच लांबीवर स्टेफान बेलोफने १९८३ मध्ये पोर्शे ९५६ मधून ६ मिनिटं ११.१३ सेकंद लावले होते, तिथवर पोचायला तुझ्या त्या सेडानला अजून जवळपास एक मिनिट कापावं लागेल. गप्प बसलो.

पण काकांनी तिथे एक गोष्ट सांगितली ती माझ्या डोक्यातून जात नाही. जड सेडान रेसमध्ये उतरवणं काही आजचं वेड नाही. १९७१ मध्ये एएमजीने मर्सिडीजची ३०० एसईएल, म्हणजे बड्या साहेबांची अवजड गाडी, ६.८ लिटरचं इंजिन करून स्पाच्या २४ तासांच्या रेसमध्ये उतरवली. लोक हसले, लाल डुक्कर नाव पडलं. ती दुसरी आली. पुढे ती मात्रा या फ्रेंच शस्त्रास्त्र कंपनीने घेतली आणि जेट विमानांची चाकं तपासायला वापरली. म्हणजे तेव्हाही भार जास्तच होता, काका म्हणाले, पण तेव्हा तो लपवत नव्हते. माझ्या मते इथे ते जुन्या गाडीला जरा झुकतं माप देत होते. लपवता आला असता तर लपवलाच असता की त्यांनी.

दिवस पाचवा : परत

सकाळी काकांची पाठ धरली. कालच्या कारुसेलचा प्रताप. ९११ मध्ये वाकून बसवेना, मग पॅगोडा नवऱ्याकडे देऊन बाईने ९११ ची चावी घेतली (डाव्या बाजूला खोचायची असते, ती दोनदा उजवीकडे शोधत होती) आणि काका माझ्या शेजारी. आल्या आल्या म्हणाले, ही सीट फार मऊ आहे, याने पाठ सुधारत नाही. मी मसाज लावला. मग ए ६१ ऑटोबानवर येईपर्यंत त्यांनी स्टिअरिंगवर व्याख्यान दिलं, पूर्वी हायड्रॉलिक होतं तेव्हा टायर काय म्हणतोय ते हाताला कळायचं, आता इलेक्ट्रिक मोटर मध्ये दुभाष्यासारखी बसते आणि गोड गोड तेवढंच सांगते. हे सांगता सांगता वाक्य अर्धवट राहिलं. बघतो तर झोपले होते, तोंड उघडं, हात पोटावर. मोकळ्या रस्त्यावर मी एकशे ऐंशीने गेलो तरी हलले नाहीत.

दोन-अडीच तासांनी स्टुटगार्टजवळ मर्यादा बदलली आणि टिंग टिंग टिंग. काका ताडकन उठून बसले.

"काय झालं? लाल दिवा? पट्टा गेला का?"

म्हटलं काका, सासू आहे, झोपा.

पार्किंगमध्ये पोचलो तेव्हा बाकीचे आलेच नव्हते. पाऊण तासाने आले, बाईचे केस विस्कटलेले, चेहरा लाल, हसू आवरत नव्हतं. ती चावी फिरवणार एवढ्यात काका पाठ धरत धावले. बंद करू नको म्हणाले, तेल बघायचंय. ९११ चं तेल इंजिन गरम आणि चालू असतानाच बघतात. १९७२ च्या मॉडेलला तर तेलाचं झाकण बाहेर उजव्या कुशीवर आहे, पेट्रोल पंपावर लोक त्यात पेट्रोल ओतायचे म्हणून पोर्शेने ते एका वर्षातच काढून टाकलं. काकांनी ते झाकण उघडलं, काडी बाहेर काढली, फडक्याने पुसली, पुन्हा घातली, आणि माझ्याकडे न बघता हात पुढे केला.

"टॉर्च दे. तुझ्या त्या गाडीत असेल की एखादा."

नव्हता. मोबाइलचा लावला.